खांद्याच्या कृत्रिम सांध्याची पकड



गुडघ्याचा सांधा बदलून घेतलेलें माणूस आतां बहुतेक प्रत्येक आळींत एखादें तरी सांपडतें. खुब्याचा सांधा बदललेले गृहस्थहि आपल्या ओळखीचे असतात. खांदा बदलल्याची वार्ता मात्र त्या मानानें क्वचित् कानांवर येते, आणि आली म्हणजे ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तो निसटत नाहीं का?" प्रश्न मार्मिक आहे, पण त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. सांध्याचे दोन भाग एकमेकांपासून सुटणें ही एक गोष्ट; त्यांतील एखादा भाग ज्या हाडांत बसविला त्या हाडापासूनच सैल होणें ही दुसरी. पहिली घटना क्षणांत घडते व रोग्याला तत्काळ कळते. दुसरी वर्षानुवर्षें मुकाट्यानें चालूं शकते, आणि ध्यानांत येते तेव्हां पुष्कळदां आजूबाजूचें हाडच झिजून गेलेलें असतें. आज आपल्याला ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. कृत्रिम सांधा हाडांत कसा रुजतो, कां सुटतो, आणि त्याच्या घडणीचा ह्या रुजण्या-सुटण्याशीं काय संबंध आहे, हा आपला विषय.

सामान्य समजूत अशी असते कीं, पकड ही केवळ चिकटविण्याची बाब आहे. चांगलें सिमेंट वापरलें, लांब स्क्रू मारले, कीं काम झालें. माझ्या मतें ही समजूत अर्धीच खरी आहे. भिंतींतली खुंटी टिकते किंवा निखळते तें ती किती खोल ठोकली यावर जसें अवलंबून असतें, तसेंच आपण तिच्यावर ओझें कोठें टांगतों यावरहि असतें. भिंतीलगत टांगलेली जड पिशवी ती खुंटी वर्षभर सोसते. तीच पिशवी खुंटीच्या टोंकाला अडकवून रोज हालवीत राहिलें तर थोड्याच दिवसांत गिलावा सुटूं लागतो. खुंटी तीच, भिंत तीच. ओझ्याची जागा तेवढी बदलली. खांद्याच्या कृत्रिम सांध्याच्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत हीच गोष्ट शस्त्रवैद्यांना पुन्हां पुन्हां शिकावी लागली आहे.

आधीं मूळचा खांदा पाहूं. दंडाच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूच्या तुकड्यासारखें वाटोळें असतें, आणि तें ज्यावर टेकतें ती पाठीकडच्या खवाट्याच्या हाडाची वाटी. तिला वाटी म्हणावयाचें एवढेंच. खरें पाहतां ती बशीहूनहि उथळ. खुब्यामध्यें मांडीच्या हाडाचा गोळा उखळांत बसावा तसा खोल बसतो. खांद्याचें तसें नाहीं. मोठ्या माणसाची ही वाटी उंचीला सुमारें साडेतीन सेंटिमीटर व रुंदीला अडीच ते तीन सेंटिमीटर असते, आणि तिच्यामागें खवाट्याचें हाड झपाट्यानें निमुळतें होत जातें. शाळेंतील लिंबू-चमच्याची शर्यत आपण सर्वांनीं पाहिली आहे. खांद्याची रचना जवळजवळ तशीच आहे. लिंबू चमच्यावर राहतें तें चमच्याच्या खोलीमुळें नव्हे. हात क्षणोक्षणीं तोल सांवरीत असतो म्हणून.

खांद्यांत हें तोल सांवरण्याचें काम चार स्नायू करतात. त्यांच्या कंडरा त्या गोळ्याला पुढून, वरून व मागून वेढून वाटीकडे दाबून धरतात. ह्या वेढ्याचें रूढ नांव 'रोटेटर कफ'. येथला कफ म्हणजे सदऱ्याच्या बाहीची पट्टी. वातपित्तांच्या सोबतचा कफ नव्हे. हे चार स्नायू गोळा जागेवर धरतात, आणि त्यांच्यावरून झूल घातल्यासारखा पसरलेला डेल्टॉइड नांवाचा मोठा स्नायु हात वर उचलतो. हात खालीं लोंबत असतांना डेल्टॉइडची ओढ मुख्यतः वरच्या दिशेनें असते. खालचे चार स्नायू दुबळे असतील तर हात उचलला जाण्याऐवजीं गोळाच वर सरकतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

रिकामा हात बाजूला आडवा उचलला तर ह्या सांध्यावर किती दाब पडत असेल? पॉपेन व वॉकर ह्या संशोधकांनीं १९७८ सालीं याचें गणित मांडलें. त्यांचें उत्तर होतें: शरीराच्या वजनाच्या जवळजवळ नऊ-दशांश. म्हणजे साठ किलो वजनाच्या बाईनें दोरीवर धुणें वाळत घालण्यासाठीं हात तितका उचलला, तर त्या उथळ बशीवर पन्नासांहून अधिक किलोंचा भार येतो. कारण उघड आहे. हाताची लांबी मोठी, आणि त्याला उचलणारे स्नायू फिरण्याच्या केंद्राच्या अगदीं जवळ. तराजूची एक दांडी हातभर व दुसरी दोन बोटें असावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय हा भार एका जागीं राहत नाहीं. हात जसा फिरेल तसा तो वाटीच्या वरच्या कडेकडून मागच्या कडेकडे हिंडत असतो.

अशा जागेंत कृत्रिम सांधा बसविण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न पॅरिसचे शस्त्रवैद्य ज्यूल एमिल पेआं यांनीं १८९३ सालीं केला. रोगी क्षयानें खांदा नासलेला एक तरुण होता. दंडाच्या हाडाच्या जागीं प्लॅटिनमचा दांडा आणि डोक्याच्या जागीं पॅराफिनमध्यें उकळून टणक केलेला रबराचा गोळा, अशी ती रचना; ती घडविली एका दंतवैद्यानें. गोळ्याभोंवतीं धातूचीं कडीं होतीं, आणि त्यांतील एक कडें वाटीकडे स्क्रूंनीं जखडलेलें होतें. क्षयाचे जंतु अकरा वर्षांपूर्वींच ओळखले गेले होते, पण त्यांवर औषध नव्हतें, आणि क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून दोन वर्षें होतीं. जंतुदोष हटला नाहीं. सुमारें दोन वर्षांनीं सांधा काढावा लागला. तो तितके दिवस राहिला हेंच नवल म्हटलें पाहिजे.

त्यानंतर अर्धें शतक ह्या दिशेनें फारसें कांहीं घडलें नाहीं. १९५० नंतर न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनीं हा प्रश्न नव्यानें हातीं घेतला. अपघातांत दंडाच्या हाडाच्या डोक्याचे तुकडे तुकडे झालेले रोगी त्यांच्याकडे येत. तुकडे काढून टाकावे तर हात लुळा राही. नीर यांनीं कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचें डोकें घडवून त्याचा दांडा हाडाच्या पोकळींत बसविला, आणि १९५५ मध्यें आपले अनुभव प्रसिद्ध केले. वाटी त्यांनीं मूळचीच ठेविली होती. पुढें सांधेवातानें वाटीहि खरबरीत झालेल्या रोग्यांसाठीं १९७० नंतरच्या वर्षांत तिच्यावर पॉलिथिलीनची कृत्रिम वाटी बसविण्यांत येऊं लागली. तिच्या पाठीला नावेच्या तळाच्या कण्यासारखें एक उभें पातें असे. हाडांत खांच करून तें पातें सिमेंटनें बसवीत.

हें सिमेंट म्हणजे इमारतीचें नव्हे. दंतवैद्य ज्या ॲक्रिलिकच्या कवळ्या करतात त्याच जातीचा हा पदार्थ. इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं तो खुब्याच्या शस्त्रक्रियेंत रूढ केला. तो डिंकासारखा चिकटत नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. तो ओला असतांना हाडाच्या जाळीदार भागांत शिरतो, तेथें घट्ट होतो, आणि मग फटींत ओतलेल्या शिशाप्रमाणें अडकून बसतो. दाब तो उत्तम सोसतो. ओढ व पीळ यांच्यापुढें मात्र तो दुबळा. तेव्हां कृत्रिम वाटीवर नुसता दाब पडत राहिला तर सिमेंट दीर्घकाळ टिकेल, आणि ती एका कडेनें उचलली जाऊं लागली तर टिकणार नाहीं, असें कागदावरच सांगतां आलें असतें.

अनुभवहि तसाच आला. दंडाच्या बाजूचा दांडा क्वचितच सैल होई; सुटे ती वाटी. सिमेंट आणि हाड यांच्यामध्यें क्ष-किरण चित्रांत एक बारीक काळी रेषा दिसूं लागे, आणि कांहीं रोग्यांत ती वर्षागणिक रुंद होत जाई. १९८८ मध्यें अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील फ्रँकलिन, मॅटसन व त्यांचे सहकारी यांनीं आपल्या सैल झालेल्या वाट्यांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांना दिसलें कीं, ह्या रोग्यांच्या रोटेटर कफच्या कंडरा मोठ्या प्रमाणावर फाटलेल्या होत्या. दाबून धरणारे स्नायू गेले. डेल्टॉइड गोळ्याला वर ओढी. गोळा वाटीच्या वरच्या कडेवर चढे. ती कड दबली कीं खालची कड उचलली जाई. हात खालीं आला कीं पुन्हां पूर्वस्थिति. लहान मुलांच्या डोलणाऱ्या लाकडी घोड्यासारखी ही क्रिया असल्यानें तिला त्याच घोड्याचें नांव मिळालें. दिवसांतून शेंकडों वेळां डोलणारा घोडा सिमेंटला कितीसें टिकूं देणार? येथें सिमेंटचा दोष नव्हता. भार कडेला नेणारी यंत्रणाच बदलली होती.

हें उमगल्यावर वाटीच्या घडणीचा विचार बारकाईनें होऊं लागला. पहिला प्रश्न वक्रतेचा. गोळा आणि वाटी यांची वक्रता तंतोतंत जुळावी असें प्रथमदर्शनीं कोणालाहि वाटेल; पाटा-वरवंटा तरी आपण तसाच पारखून घेतों. पण तंतोतंत जुळलेल्या वाटींत गोळा किंचितहि सरकूं शकत नाहीं, आणि सरकण्याची प्रत्येक ओढ तो वाटीच्या कडेला, व तेथून सिमेंटला, देतो. वाटी जरा अधिक पसरट ठेविली तर गोळ्याला थोडी मोकळीक मिळते. फारच पसरट ठेविली तर भार एका बिंदूवर एकवटून पॉलिथिलीन झिजतें. फ्रान्समधील लिआं येथील जील वॉल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ मध्यें अनेक रुग्णालयांतील सांध्यांचा ताळा घेतला. दोहोंच्या वक्रतेच्या मापांत सुमारें ६ ते १० मिलिमीटरांचा फरक असेल तेथें त्या काळ्या रेषा सर्वांत कमी आढळल्या.

दुसरा प्रश्न पाठीवरच्या पात्याचा. एका पात्याऐवजीं तीन-चार लहान खुंट्या ठेविल्या तर काढावें लागणारें हाड कमी, प्रत्येक भोकांत सिमेंट दाबून भरण्याची सोय अधिक, आणि वाटीला पीळ बसला तर ती एकाच अक्षावर फिरण्याचा धोकाहि कमी. २००५ मध्यें अमेरिकेंतील गार्ट्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे तशा पद्धतीनें ह्या दोहोंची तुलना प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच आठवड्यांत पात्याच्या वाट्यांपैकीं शेंकडा ३९ वाट्यांभोंवतीं रेषा दिसल्या. खुंट्यांच्या वाट्यांपैकीं शेंकडा ५. इतक्या लवकर दिसणारी रेषा ही झिजेची असूं शकत नाहीं. ती बसविण्याच्या वेळींच राहिलेली फट होय. म्हणजे घडणीचा परिणाम पुढें वर्षानुवर्षें होतो तो होतोच. पण ती घडण शस्त्रवैद्याच्या हाताला कितपत साथ देते हेंहि तितकेंच महत्त्वाचें ठरतें. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे यंत्रज्ञांचें लक्ष कमी जातें असें मला वाटतें.

मग कोणी म्हणेल, सिमेंटची ही कटकट हवीच कशाला? पाठीला धातूची तबकडी लावावी, ती खडबडीत ठेवावी, स्क्रूंनीं जखडावी, आणि हाडालाच तिच्यांत वाढूं द्यावें. खुब्यांत ही युक्ति उत्तम यशस्वी झाली होती. खांद्यांत ती करून पाहिली तेव्हां जें आढळलें तें मोठें बोधप्रद आहे. पास्काल ब्वालो व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनीं २००२ मध्यें चाळीस खांद्यांचा तुलनात्मक प्रयोग प्रसिद्ध केला. काळ्या रेषा सिमेंटच्या वाट्यांत शेंकडा ८५ मध्यें आणि धातूच्या वाट्यांत शेंकडा २५ मध्यें दिसल्या. येथवर धातूची सरशी. पण सुमारें तीन वर्षांत सैल झालेल्या वाट्या मोजल्या तेव्हां सिमेंटची एकहि नव्हती, आणि धातूच्या मात्र शेंकडा २० होत्या.

ही उलटापालट कां व्हावी? धातूची तबकडी आणि तिच्यावरचें पॉलिथिलीन मिळून वाटीची जाडी वाढते. जाडी वाढली कीं सांध्यांतील जागा भरून जाते आणि स्नायू ताणले जाऊन दाब वाढतो. जाडी वाढूं नये म्हणून पॉलिथिलीन पातळ ठेवावें, तर पाठीमागें धातूसारखा न दबणारा आधार असल्यानें तें लवकर झिजतें. झिजेचे सूक्ष्म कण हाडाच्या सीमेपर्यंत पोहोंचले कीं शरीरांतील पेशी त्यांना गिळावयास धांवतात, आणि त्या झटापटींत शेजारचें हाडच विरघळतें. खुब्याच्या खोल उखळांत जाडीला जागा होती. खांद्याच्या बशींत ती नाहीं. एका सांध्यांतील यश दुसऱ्या सांध्यांत उचलून नेतां येत नाहीं तें असें.

आतां ज्यांच्या कंडरा पूर्ण फाटलेल्या आहेत अशा रोग्यांकडे वळूं. त्यांना साधा कृत्रिम सांधा बसविणें म्हणजे डोलत्या घोड्याला आमंत्रण. १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन अशा ठिकाणीं कांहीं शस्त्रवैद्यांनीं एक धाडसी विचार केला: सांधा उलटाच करावा. गोळा खवाट्यावर बसवावा आणि वाटी दंडावर. मग गोळा वर सरकण्याचा प्रश्नच उरत नाहीं; दंड त्या पक्क्या गोळ्याभोंवतीं फिरत राहील. कल्पना उत्तम होती, तरी ते सांधे एकामागून एक सुटले. नीर यांनींहि असे तीन नमुने करून शेवटीं तो नाद सोडला.

चूक कोठें होती? ह्या नमुन्यांत लहानसा गोळा एका मानेवर, म्हणजे खवाट्याच्या हाडापासून दूर, बसविलेला असे. फिरण्याचें केंद्र गोळ्याच्या मध्यांत. म्हणून तेंहि हाडाबाहेर. दंडाकडून येणारा प्रत्येक जोर त्या केंद्रावर पडे आणि तेथून हाडांतल्या मुळीला उपटूं पाही. खुंटीच्या टोंकाला अडकविलेली पिशवी ती हीच. पन्नास किलोंचा जोर हाडापासून दोन सेंटिमीटर अंतरावर आडवा लागला तर जो पीळ पडतो, तो त्या निमुळत्या हाडांत बसविलेल्या मुळीनें दिवसांतून शेंकडों वेळां सोसावा अशी ती अपेक्षा होती. स्क्रू वाढवून, सिमेंट वाढवून ती पुरी होणें शक्य नव्हतें.

दिजों येथील पोल ग्रामाँ यांनीं हा गुंता सोडविला तो स्क्रूकडे न पाहतां केंद्राकडे पाहून. १९८५ मध्यें त्यांनीं केलेल्या पहिल्या नमुन्यांत गोळ्याचा दोन-तृतीयांश भाग होता. १९९१ च्या सुमारास आलेल्या 'डेल्टा तीन' ह्या नमुन्यांत त्यांनीं मान अजिबात काढून टाकली आणि गोळ्याऐवजीं मोठा अर्धगोल थेट हाडाच्या पृष्ठावर बसविला. अर्धगोलाचें केंद्र त्याच्या सपाट पाठीवर असतें, हें शाळेंतील भूमितीचें ज्ञान. पण त्याचा परिणाम पाहा. फिरण्याचें केंद्र आतां बरोबर हाडाच्या सीमेवर आलें. जो जोर पूर्वीं मुळीला उपटीत असे तोच आतां तबकडीला हाडावर दाबूं लागला. पिशवी भिंतीलगत टांगली गेली. शिवाय केंद्र आंत व खालीं सरकल्यानें डेल्टॉइडला अधिक लांबीची तरफ मिळाली, आणि चार स्नायूंच्या मदतीवांचून एकटा तो हात उचलूं लागला. वर्षानुवर्षें ज्यांना केस विंचरण्यापुरताहि हात वर नेतां येत नव्हता अशा वृद्धांना हा केवढा लाभ! अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें ह्या सांध्याला २००३ मध्यें मान्यता दिली. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतहि ही शस्त्रक्रिया होते.

तबकडी हाडावर दाबली गेली तरी ती रुजावयास हवी. तिची पाठ खडबडीत किंवा सच्छिद्र असते. शंभर ते चारशें मायक्रॉन रुंदीच्या छिद्रांत हाड चांगलें वाढतें. पण त्याला स्वस्थता पाहिजे. तबकडी आणि हाड यांच्यामध्यें दर हालचालीला सुमारें दीडशें मायक्रॉनांहून, म्हणजे जेमतेम दोन केंसांच्या जाडीहून, अधिक सरकासरक होत राहिली तर छिद्रांत हाडाऐवजीं मऊ तंतुमय ऊति वाढते, आणि ती कायमची पकड देऊं शकत नाहीं. नवें रोप रोज उपटून पाहिलें तर मूळ धरत नाहीं, तद्वत्. हाड आंत वाढेपर्यंत ही सरकासरक आटोक्यांत ठेवणें हेंच स्क्रूंचें खरें काम. ते कायमचे खांब नव्हेत, कलमाला बांधलेल्या दोऱ्या आहेत. म्हणूनच त्यांतील कांहीं स्क्रू तबकडींतच आंटे बसून पक्के होतील असे करतात, आणि निरनिराळ्या दिशांनीं, हाड जेथें जाड असेल तेथें, नेतात.

ग्रामाँ यांच्या घडणीनें पकडीचा प्रश्न सोडविला, पण फुकट नाहीं. दंड आंत सरकल्यामुळें हात शेजारीं लोंबतांना वाटीची खालची कड खवाट्याच्या मानेवर आपटते आणि तेथें हळूहळू खांच पडते. पॉलिथिलीनहि झिजतें. उरलेल्या स्नायूंची लांबी कमी होऊन ते ढिले पडतात, त्यामुळें हात बाहेरच्या बाजूला वळविण्याची ताकद उणी राहते. म्हणून अनेकांनीं केंद्र पुन्हां थोडें बाहेर नेण्याचें ठरविलें. फ्लॉरिडांतील मार्क फ्रँकल यांनीं तें धातूच्याच घडणीनें केलें. प्रारंभीं त्यांच्याहि कांहीं तबकड्या सुटल्या. केंद्र बाहेर नेलें कीं पीळ परत येणार, हा हिशेब चुकत नाहीं. पण मधोमध जाड स्क्रूनें तबकडी हाडावर आवळून, आणि कडेचे साडेतीन मिलिमीटरांचे स्क्रू बदलून पांच मिलिमीटरांचे पक्के बसणारे स्क्रू वापरून, तो वाढलेला पीळ पेलतां येतो असें त्यांच्या २००८ च्या वृत्तान्तांत दिसलें.

नीस येथील ब्वालो यांची २०११ मध्यें प्रसिद्ध झालेली युक्ति मला अधिक सुंदर वाटते. दंडाच्या हाडाचें जें डोकें शस्त्रक्रियेंत कापून टाकावयाचेंच असतें, त्याचीच एक चकती काढून ती तबकडीच्या मागें, लांब मुळीभोंवतीं, बसवावयाची. ती चकती खवाट्याशीं जुळून आली म्हणजे खवाट्याचें हाडच तेवढें लांब झालें. गोळा बाहेर गेला, आणि केंद्र मात्र हाडाच्या सीमेवरच राहिलें. ती जुळली नाहीं तर अर्थात् सगळा खेळ बिघडतो.

दंडाच्या बाजूविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. तेथें जुने दांडे लांब व जाड असत. पकड उत्तम, पण धातूचा ताठ दांडा सगळा भार स्वतः वाहूं लागला कीं भोंवतालचें हाड निरुद्योगी होऊन विरळ होतें. म्हणून दांडे आंखूड होत गेले, आणि २००४ पासून युरोपांत दांडा नसलेले, केवळ हाडाच्या वरच्या जाळीदार भागांत धरणारे सांधेहि निघाले. हाड चांगलें असेल तेथें ते योग्य; ठिसूळ हाडांत नव्हे.

हा सगळा खटाटोप इतक्या मिलिमीटरांसाठीं कां, याचें कारण खवाट्याचें तें निमुळतें हाड होय. सैल झालेली वाटी काढतांना तिच्याबरोबर हाडहि जातें. दुसऱ्या शस्त्रक्रियेला जागा कमी, आणि तिसरीला पुष्कळदां नसतेच. पंचावन्न वर्षांच्या रोग्याला सांधा सुचवितांना विचारी शस्त्रवैद्य म्हणूनच कचरतो, आणि पंचाहत्तरीच्या रोग्याला सुचवितांना तितका कचरत नाहीं. प्रत्येक सैलपणाचें खापर घडणीवर फोडूं नये, हेंहि खरें. त्वचेंत नेहमीं राहणारा एक मंद जंतु खांद्याच्या सांध्यांत शिरतो, ताप नाहीं, पू नाहीं, आणि वर्षां-दोन वर्षांनीं पकड सुटलेली आढळते. सैल सांधा बदलतांना तेथील ऊतींचे नमुने तपासावयास धाडतात ते ह्याचसाठीं.

ज्या घरीं अशी शस्त्रक्रिया झाली असेल तेथें ह्या विवेचनाचा एक उपयोग आहे. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळींत ठेवण्याचा सल्ला मिळतो, आणि चारच दिवसांत दुखणें कमी झाल्यावर रोग्याला तो जाच वाटूं लागतो. दुखणें थांबलें म्हणजे हाड वाढलें असें नव्हे; ते दीडशें मायक्रॉन ह्याच दिवसांत सांभाळावयाचे असतात. आपल्याकडे पाटावर, जमिनीवर बसून उठतांना हाताचा रेटा देण्याची संवय फार. त्या रेट्यानें शरीराचें वजन थेट खांद्यावर येतें. तेव्हां ह्या काळांत उंच खुर्ची बरी, आणि उठतांना भार दुसऱ्या हातावर. पुढेंहि जड बादल्या त्या हातानें उचलण्यापूर्वीं शस्त्रवैद्याला विचारावें. शस्त्रक्रियेनंतर काढलेलें पहिलें क्ष-किरण चित्र मात्र टाकून देऊं नये. पांच वर्षांनीं सांध्याभोंवतीं बारीक काळी रेषा दिसली, तर ती पहिल्या दिवसापासूनचीच आहे कीं नवीन आहे आणि रुंदावते आहे, हें त्या जुन्या चित्राशीं ताडून पाहिल्यावांचून कोणालाहि सांगतां येत नाहीं.